काठ आधी ठरवा, मग पंधरा मीटर मोजा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार,
तसेच तिन्ही जिल्ह्यांतल्या नगररचना, जलसंपदा व भूमी अभिलेख विभागांचे अधिकारी आणि नदीकाठच्या नगरपालिका व ग्रामपंचायतींचे पदाधिकारी

विषय : तापी, गिरणा, पांझरा आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या-नाल्यांच्या काठावरचं बांधकाम, भराव आणि झाडतोड

महोदय,

खानदेशाला समुद्र नाही, त्यामुळे किनाऱ्याचे कायदे आपल्याला लागत नाहीत, असा समज प्लॉटच्या धंद्यात घट्ट बसला आहे. सीआरझेड, म्हणजे समुद्रकिनारा नियमन क्षेत्राचे नियम, कोकणासाठी; आपल्याकडे रान मोकळं. त्यात फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने नदी नियमन क्षेत्राचं धोरण रद्द केलं आणि ‘नदीची अटच गेली’ हे वाक्य दलालांच्या तोंडी कायमचं बसलं. ते खोटं आहे. त्या धोरणाचा रोख कारखान्यांवर होता : कोणत्या प्रदूषणवर्गाचा उद्योग नदीपासून किती लांब असावा, एवढंच ते सांगत होतं. घर, मंगल कार्यालय, हॉटेल, गोदाम यांच्यावरचे निर्बंध वेगळ्या कागदांत होते आणि ते आजही लागू आहेत.

अडचण नियमांच्या तुटवड्याची नाही. अंतर जिथून मोजायचं तो काठ कुठे आहे, हेच बहुतेक ठिकाणी कोणी ठरवून ठेवलेलं नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

२ डिसेंबर २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती सांगते की नाला किंवा पाटासारख्या लहान प्रवाहाच्या पाण्याच्या खुणेपासून ६ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या खुणेपासून १५ मीटरच्या आतली जागा बांधकामाला चालणार नाही. वाचायला सोपं आहे. पण पाण्याची खूण कोणत्या महिन्यातली? पांझरेत मे महिन्यात पाण्याची बारीक धार असते. त्या धारेपासून फीत लावली तर पंधरा मीटर वाळूतच संपतात आणि प्लॉट ‘नियमात’ बसतो. स्थळ पाहणीचे अहवाल उन्हाळ्यात जास्त निघतात, हा योगायोग नसावा.

दुसरी युक्ती हळूहळू चालते. पहिल्या वर्षी काठावर पाडकामाचा राडारोडा येऊन पडतो. कोणी टाकला, कोणालाच माहीत नसतं. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं. पुढच्या वर्षी त्यावर मुरूम पसरून रोलर फिरतो, तिसऱ्या वर्षी तारेचं कुंपण लागतं आणि मग मोजणीचा अर्ज जातो. मोजणी करणारा भूकरमापक उभ्या असलेल्या काठावरून मोजतो, म्हणजे भरावाच्या कडेवरून. काठ आठ-दहा मीटर नदीत सरकलेला असतो आणि पंधरा मीटरची अट त्याच्या मागोमाग नदीत गेलेली असते. परवानगीच्या कागदात काहीही चूक सापडत नाही.

यावर एक साधा उपाय आजही तहसीलदारांच्या हातात आहे. भराव म्हणजे मुरूम, मुरूम म्हणजे गौण खनिज. काठच्या प्लॉटचा अर्ज आला की भरावाच्या मुरमाची स्वामित्वधनाची (रॉयल्टीची) पावती आणि वाहतूक पास मागावेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पावती नसेल तर दंड लागतो, आणि असेल तर किती ब्रास कोणत्या तारखेला टाकला याचा पुरावा मिळतो. जुना काठ कुठे होता हे त्यावरून निघतं.

तापीवर आणखी एक गुंता आहे. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजमुळे नदीत बराच काळ फुगवटा (अडून मागे साचलेलं पाणी) उभा असतो. जुन्या गाव नकाशात जो काठ दाखवला आहे तो बॅरेजच्या आधीचा. त्या नकाशावरून १५ मीटर मोजले तर काही ठिकाणी तुम्ही पाण्यात उभे राहाल. या पट्ट्यात अंतर फुगवट्याच्या पूर्ण पातळीपासून मोजावं असा लेखी आदेश हवा. तोंडी समजुतीवर हे काम चालत नाही.

आता पूररेषांबद्दल. पाटबंधारे खात्याच्या १९८९ च्या परिपत्रकापासून राज्यात दोन रेषा मानल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांतला जो मोठा त्याची पातळी म्हणजे निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र आणि दोन रेषांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र. यूडीसीपीआरनुसार निळीच्या आत वाहनतळ, उघडा भाजीबाजार, बाग, लॉन, स्मशानभूमी, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या असे मोजकेच वापर चालतात. निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधकाम चालतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे शब्द लोकांना फसवतात. २०१९ ला पांझरेला पूर आला, म्हणजे आता २०४४ पर्यंत निवांत, असा हिशेब लोक मनात करतात. याचा अर्थ असा की कोणत्याही वर्षी तो पूर येण्याची शक्यता ४ टक्के आहे, मग मागच्या वर्षी आलेला असो वा नसो. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता ७० टक्क्यांवर जाते. लाल रेषेपर्यंतचा पूरसुद्धा त्याच तीस वर्षांत २६ टक्के शक्यतेने येतो. हे दोन आकडे प्रत्येक नगरपालिकेच्या बांधकाम विभागाबाहेर फलकावर लिहायला काही खर्च नाही.

यादीतल्या ‘लॉन’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावं. निळ्या रेषेच्या आत हिरवळ चालते, आणि लग्नसराईत हिरवळीला भाडं मिळतं. आधी गवत लावलं जातं. मग स्टेजपुरता ओटा, मग आचाऱ्यांसाठी पत्र्याची शेड, मग वधू-वराच्या खोल्या, शेवटी भिंती आणि एसी हॉल. प्रत्येक पायरीला ‘तात्पुरतं’ हा शब्द वापरला जातो. परवानगी देताना काँक्रीटचा ओटा, पक्कं छत आणि प्रवाहाला आडवी कंपाउंड भिंत या तीन गोष्टींना स्पष्ट मनाई लिहिली तर पुढचा बराच वाद वाचेल.

शेतकऱ्याच्या किंवा प्लॉटधारकाच्या बाजूने असलेली एक तरतूद मात्र कोणी सांगत नाही. एकाच विकासयोग्य प्लॉटचा काही भाग पूररेषेत आला तर त्या भागाचा एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) उरलेल्या जागेवर वापरता येतो. पूररेषा पडली म्हणजे जमीन मातीमोल झाली, या भीतीनेच लोक रेषेला विरोध करतात आणि मोजणीवाल्यांना काठावर येऊ देत नाहीत. ही तरतूद ग्रामसभेत मराठीत समजावून सांगितली तर निम्मा विरोध कमी होईल असं आमचं मत आहे.

आता ०.४५ मीटरच्या अटीत काय बिघडतं ते बघा. समजा दहा गुंठ्यांचा प्लॉट लाल रेषेच्या पातळीपेक्षा २ मीटर खोल आहे. जोतं २.४५ मीटर उंच हवं. मालक काय करतो? अख्खा प्लॉट भरून घेतो. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर, गुणिले २.४५, म्हणजे जवळजवळ २,४८० घनमीटर मुरूम. एक ब्रास २.८३ घनमीटरचा धरला तर ८७५ ब्रासच्या वर. पाच ब्रासच्या डंपरने पावणेदोनशे खेपा. पुराच्या वेळी जे पाणी या प्लॉटवर पसरणार होतं, तेवढी जागा नदीने गमावली. ते पाणी शेजारच्या किंवा समोरच्या काठावर चढतं, आणि तिथे बहुधा जुनी वस्ती असते. असे वीस प्लॉट एका रांगेत भरले की मूळ पूररेषाच खोटी ठरते, कारण ती भरावाच्या आधी मोजलेल्या पात्राच्या आडव्या छेदांवर काढलेली होती.

नियमात जोत्याची उंची आहे. भराव करावाच असं त्यात कुठे नाही. म्हणून नियंत्रित क्षेत्रातल्या प्रत्येक परवानगीत अशी अट घालावी : इमारत खांबांवर उभी राहील, खालचा मजला पाणी ये-जा करण्यासाठी मोकळा राहील, कुंपण जाळीचं असेल आणि प्लॉटची मूळ पातळी बदलणार नाही. मूळ पातळी म्हणजे काय, यावर नंतर भांडण होऊ नये म्हणून अर्जासोबतच प्लॉटच्या चार कोपऱ्यांचे आणि मध्याचे तलांक (समुद्रसपाटीपासूनची उंची) घ्यावेत. हे तलांक ऑटो लेव्हलने किंवा डीजीपीएसने आणि कायम बेंचमार्कला जोडूनच घेतलेले असावेत. मोबाइलमधली उंची काही मीटरने सहज चुकते. मोबाइल समोर धरून ‘तुमचा प्लॉट रेषेच्या वर आहे’ असं छातीठोक सांगणारे आता तालुक्या-तालुक्यात झाले आहेत.

झाडतोडीकडे तर कोणाचंच लक्ष नाही. महसूल संहितेच्या कलम २५ खाली १९६७ चे झाडांच्या हक्काचे नियम आहेत. ओढा, झरा किंवा तळं यांच्या काठापासून ३० मीटरच्या आतली झाडं जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, कारण माती धुपते. वावर खाजगी असलं तरी ही अट लागते. शहरात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहेच. प्रत्यक्षात केळीच्या पट्ट्यात जेसीबी लावून काठ साफ होतो : करंज, जांभूळ, उंबर, बाभूळ, निर्गुडी सगळं मुळासकट उपटून पात्रात लोटलं जातं आणि एक-दोन ओळी केळीच्या वाढतात.

या साफसफाईने काठ कसा जातो, ते समजून घेतलं पाहिजे. तापीकाठची गाळाची माती खोल आहे आणि भुसभुशीत आहे. मुळं होती तोवर ती उभ्या कड्यासारखी टिकते. मुळं गेल्यावर उन्हाळ्यात काठाला समांतर भेगा पडतात. पहिल्या पुरात पाणी या भेगांत शिरतं, माती भिजून जड होते. त्या वेळी काठ पडत नाही, कारण समोरून नदीचं पाणी त्याला टेकू देत असतं. पूर झपाट्याने उतरला, किंवा वरच्या धरणाचे दरवाजे लागोपाठ बंद झाले, की टेकू निघून जातो आणि आत भरलेलं पाणी मागून ढकलतं. मग पाच-दहा फुटांचा पट्टा एकदम बसतो. लोक म्हणतात पुराने काठ नेला. खरं तर तो पूर उतरल्यावर जातो. म्हणून विसर्ग कमी करताना टप्प्याटप्प्याने करावा, हेही आम्ही इथेच सुचवतो. तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, टप्पे पाडायला वाव आहे.

काठ खचू लागला की मागणी होते ती काँक्रीटच्या संरक्षक भिंतीची. पुरात पात्राचा तळ जिथपर्यंत खरवडला जातो त्याखाली पायथा नेला नाही आणि मागचं पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत, तर अशी भिंत फार टिकत नाही. टिकली तर प्रवाह समोरच्या काठावर जातो. उतार कमी करून पायथ्याशी जाळीतले दगड, वर वाळा आणि निर्गुडी, त्यामागे करंज-उंबराच्या दोन ओळी, हे स्वस्त पडतं. तीन पावसाळे मात्र राखण करावी लागते. निविदेत ‘राखण’ हा शब्द बसत नाही, म्हणून बहुतेक वेळा भिंतच बांधली जाते.

नाल्यांचं बघा. तुमच्या गटातून नाला जात असेल तर त्याखालचं क्षेत्र सातबारावर पोटखराब वर्ग ब म्हणून असतं. वर्ग अ म्हणजे खडक-उताराची नापीक जागा, ती मेहनत करून लागवडीखाली आणता येते. वर्ग ब सार्वजनिक वापराची असते. ती बुजवता येत नाही, वळवता येत नाही आणि तिच्यावर प्लॉट पाडता येत नाहीत. लेआउट मंजूर करताना एकूण क्षेत्रातून वर्ग ब वजा केलं आहे का, हे तपासणं दोन मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवलेली बाग प्रत्यक्षात नाल्यात असते.

नाल्यावर रस्ता नेताना सिमेंटचे पाईप टाकून वर मुरूम लोटतात, त्याचाही हिशेब एकदा करून पाहावा. पाणलोट फक्त ५ चौरस किलोमीटर धरा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ४० टक्के वाहून आला, तर नाल्याला सेकंदाला सुमारे २८ घनमीटर पाणी येतं. ९०० मिलिमीटरचा पाईप पूर्ण भरून, सेकंदाला दोन मीटर वेगाने वाहिला तरी सव्वा घनमीटरच्या आसपास पाणी काढतो. म्हणजे बावीस पाईप लागतील. टाकलेले असतात तीन, आणि त्यांतला एक वेड्या बाभळीच्या फांद्यांनी आणि प्लास्टिकने तुंबलेला. मग रस्ताच बंधारा होतो आणि फुटला की सगळं पाणी एका दमात खाली येतं. ऑगस्ट २०१८ ला नवापुरात रंगावलीने आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर-डोंगरीने किती कमी वेळात घरं भरली, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नद्या लहान होत्या, म्हणून काठावर कोणी रेषा मागितल्या नव्हत्या.

हतनूरच्या फुगवट्याचा विषय वेगळा आहे, आणि त्यात तक्रार करणारेही चुकतात. चांगदेव-मेहूण भागात हिवाळ्यात पट्टकदंब, चक्रवाक येतात, म्हणून अर्जांत सरसकट ‘पाणथळ जागा, ५० मीटर’ लिहिलं जातं. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम कडक आहेत : गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरमध्ये पक्कं बांधकाम नाही, पाणथळीत भराव नाही, कचरा नाही. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून नदीचं पात्र आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. त्यामुळे सुनावणीत समोरचा वकील व्याख्या वाचून दाखवतो आणि अर्ज पडतो. हतनूरला खरा आधार संपादित क्षेत्राचा आहे. पूर्ण जलसंचय पातळी २१४ मीटर, तिच्या आतली आणि संपादन झालेली जमीन सरकारची. पात्र आणि जलाशय महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे शासनाचे आणि अतिक्रमण काढायला कलम ५० आहे. फक्त संपादनाच्या हद्दीचे दगड जागेवर हवेत. ते अनेक ठिकाणी नांगराखाली गेले आहेत.

तिथली गाळपेर जमीन हा लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि आम्ही तिच्या विरोधात नाही. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात हरभरा, गहू, टरबूज घ्यावं, पुन्हा पाणी चढण्याआधी रिकामं करावं. हक्क हंगामापुरत्या पिकाचा आहे. तपासणीची एक सोपी खूण सांगतो : केळी वर्षभर उभी राहते. गाळपेरीच्या पट्ट्यात केळी दिसली, की कोणीतरी बांध घालून जलाशयाचं पाणी अडवलं आहे हे नक्की. गाळाने आधीच साठवण घटलेल्या धरणात हा बांध म्हणजे सिंचनाच्या पाण्यावर सरळ घाला आहे.

आता आमची मागणी. पूररेषा नकाशावर आहेत तिथे त्या जमिनीवर आणा. शहरात दर ५० मीटरवर, बाहेर दर २०० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर आरसीसी खुंट. काळ्या मातीत दोन फूट पुरलेला खुंट दोन पावसाळ्यांत कलतो, कारण माती फुगते आणि फाटते. किमान ९० सेंटिमीटर खाली आणि तळाशी काँक्रीट हवं. खुंटावर गट क्रमांक आणि तलांक कोरलेला असावा, रंग उडतो. प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश भूमी अभिलेख कार्यालयात नोंदवावेत, म्हणजे कोणी उपटला तर त्याच जागी परत बसवता येईल. पुलाच्या खांबावर आणि शाळेच्या भिंतीवरही दोन्ही पातळ्या रंगवाव्यात.

दुसरं, पूररेषेने बाधित प्रत्येक गटाच्या सातबारावर ‘इतर हक्क’ रकान्यात तशी नोंद घ्यावी. विकत घेणारा माणूस विकास आराखडा उघडून बघत नाही, तो सातबारा बघतो. नोंद तिथे नसेल तर बाकी सगळे नकाशे त्याच्यासाठी नसल्यासारखे आहेत.

तिसरं, जिथे रेषा आखलेल्याच नाहीत तिथे आडव्या छेदांच्या मोजणीचा खर्च नगरपालिकेने द्यायचा की शासनाने, या पत्रव्यवहारात वर्षं जातात. रेषा येईपर्यंत ज्ञात सर्वोच्च पूरपातळी, म्हणजे गावकऱ्यांनी देवळाच्या पायरीवर किंवा विहिरीच्या कठड्यावर दाखवलेली खूण, तलांक घेऊन तात्पुरती निषिद्ध हद्द मानावी.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे भूखंड त्यात आले. निळ्या रेषेच्या आतला एकही भूखंड त्यातून नियमित होऊ नये. आणि कारवाई करायची तर सुरुवात झोपड्यांपासून करू नये. त्यांच्या पुनर्वसनाला वेळ लागणार, तोवर जे काठ भरून लॉन आणि गोदामं चालवतात त्यांची पावती आणि परवानगी आधी तपासावी.

उत्तर लेखी आणि तालुकावार मिळावं. त्यात तीन रकाने पुरेत : नदी किंवा नाल्याचं नाव, पूररेषा आखली त्याची तारीख, जमिनीवर बसवलेल्या खुंटांची संख्या. जिथे शून्य असेल तिथे शून्यच लिहावं. एप्रिल-मेमध्ये पात्र कोरडं असताना आडवे छेद घेता येतात, जूननंतर ते काम पुढच्या वर्षावर जातं, म्हणून उत्तर मार्चअखेर अपेक्षित आहे.

कळावे,
नदीकाठच्या मोजणीचं, बांधकाम आराखड्यांचं आणि शेतीचं काम करणारे खानदेशातले काही नागरिक